शालू, ती चूक माझी होती

शालू, तुझ्या तेरवीले मी चपला मोजल्या.

मांडवाच्या तोंडाशी उभी होती, डोळ्याले पदर लावलेला, आणि पदराआडून मोजणं चालू. शंभराच्या पुढं गेल्यावर नाद सोडला. एवढ्या लोकांचं तुझ्याशी काय काम होतं वं? तुझ्या गल्लीतली शिलाईवाली, आपल्या देवळी-वर्धा बसचा कंडक्टर, प्रयोगशाळेतला झाडून सारा स्टाफ, आणि ज्यांच्या मातीच्या पुड्या आपण तपासतो त्यातले चार-पाच शेतकरी, पार कारंज्याहून गाडी करून आलेले. माझ्या तेरवीले कारंज्याहून कोणी येईल? माझ्या माहेरून, बोरगावातून आले तरी लय झालं. तिकडं तू फोटोत हार घालून हसून राह्यलती. फोटो तुझाच चांगला निघे. माझे डोळे नेहमी मिटलेले.

मग आपले सर दोन शब्द बोलायले उभे राह्यले. तुझं काम, तुझा स्वभाव, सारं झालं, आणि शेवटी म्हणले, "शालिनीताईंच्या हातून आमच्याकडे एवढ्या वर्षांत एकच चूक झाली, कारंज्याच्या शिबिराची. पण समोर येऊन तोंडानं कबूल केली. आजकाल कोण करतं असं?" मांडवातल्या साऱ्या माना हलल्या. माझीही हलली.

ती चूक माझी होती. तुले माहीत होतं आणि मले माहीत होतं, तिसऱ्या कोणाले नाई. आणि तू तर निघून गेली.

पंगतीत बसली होती तवा तुझी तन्वी माझ्याजवळ आली. अकरावीतली पोट्टी, चार दिवसांच्या तापात माय गेलेली, तोंड एवढंसं झालेलं. "मावशी, मम्मीकडून काय चूक झालती?" मी म्हणली, "काही नाई वं बेटा, लहानशी होती." लहानशी! तिनं मान डोलावली आणि वाढपाचं भांडं उचलून गेली. माझ्या पत्रावळीवरची बुंदी तशीच राह्यली. तवापासून रोज ते पोरीचं तोंड दिसते. उद्या ती आपल्या लेकरांले सांगीन, माझी माय लय चांगली होती, एकदाच चुकली. आणि ते माझ्यामुळं.

म्हणून आज भांडण पहिल्यापासून काढते. तू असती तर म्हणली असती, "रत्ने, जुनं उकरू नको." पण आता तुले मधात बोलता येत नाई, ते एक बरं आहे.

देवळीच्या कॉम्प्युटर क्लासात मी पहिली आलती. तू पाचवी. प्रयोगशाळेत नोकरी मले आधी लागली आणि तुझं नाव सरांकडं मीच टाकलं. फंक्शन म्हणजे काय हे तुले मी शिकवलं, बसमध्ये, उभ्याउभ्या. "एखादं काम एकदाच नीट लिहून ठेवायचं, त्याले नाव द्यायचं. मग नुसतं नाव घेतलं की ते काम होऊन जाते." तू म्हणली, "म्हणजे आमच्या घरी मी." सारी बस हसली. शिकवलं मी, आणि हशा तुले. तेव्हाच मी ओळखायले पायजे होतं, पुढं काय वाढून ठेवलं आहे ते.

आपलं काम बाहेरच्याले सांगायचं तर सोपं आहे. शेतकरी माती आणते, मशीन ती तपासते, मशीनमधून आकड्यांची फाईल निघते. त्या आकड्यांवरून आपल्या पायथन भाषेतल्या स्क्रिप्टा, म्हणजे लहान-लहान प्रोग्राम, कार्ड छापतात, की तुमच्या वावरात काय कमी आहे आणि कोणतं खत किती टाका. मातीची स्क्रिप्ट वेगळी, पाण्याची वेगळी, शिबिराची वेगळी, अशा चौदा. आणि चौदाही स्क्रिप्टांले एक गोष्ट लागे, की वावर किती आहे.

इथंच तर माझी हुशारी होती. शेतकरी अर्जावर लिहिते २.२०. आपल्या वर्ध्याकडचं म्हातारं माणूस असलं तर ते दोन एकर वीस डिसमिल, म्हणजे एकराच्या शंभर भागातले वीस. वर्धा नदीपलीकडचं, अमरावतीकडचं असलं तर दोन एकर वीस गुंठे, म्हणजे चाळीस भागातले वीस, सरळ अडीच एकर. आकडा एकच, जमीन वेगळी. हे क्लासात कोणी शिकवत नाई. माझे बाबा गावचे कोतवाल, तलाठ्याच्या मागं सारी उमर फिरले. त्यांच्या तोंडून ऐकलेलं मी फंक्शनात बसवलं. आधी गाव नदीच्या कोणत्या बाजूचं ते पाहायचं, मग आकडा वाचायचा. नाव ठेवलं 'क्षेत्र'. सर म्हणले, "रत्नाताई, कमाल केली." माझ्यासाठी तो शब्द त्यांनी एकदाच काढला, म्हणून आठवणीत आहे.

मग ज्याले क्षेत्र लागे तो मले बोलावे. मी कोणाले फाईल देत नव्हती. स्वतः जाऊन त्याच्या खुर्चीवर बसे, त्याले बाजूले उभं ठेवी, आणि माझ्या पेन ड्राइव्हमधून ते फंक्शन त्याच्या स्क्रिप्टात उतरवून देई. पूजा सांगायले भटजी येते ना, तसं. चहा येई. "रत्नाताई आहे म्हणून आपलं चालते बाप्पा," असं कोणी ना कोणी म्हणे. मले ते आवडे. तुले खोटं कायले सांगू, लय आवडे. घरी मले कोणी एवढं इचारत नव्हतं.

आणि मग मी नणंदेच्या लग्नाले चार दिवस रजेवर गेली. परत येऊन पाहते तर चौदाच्या चौदा स्क्रिप्टांतून माझं फंक्शन गायब! तू एक नवी फाईल केलती, नाव 'सामाईक'. क्षेत्र त्यात, गावांची नावं एकसारखी करणारं फंक्शन त्यात, तारखांचं त्यात. आणि प्रत्येक स्क्रिप्टात वर फक्त एक ओळ, की ही कामं सामाईक नावाच्या मॉड्यूलमधून घ्या. लिहायचं एकदा, ठेवायचं एका जागी, वापरायचं सगळ्यांनी. सर साऱ्या स्टाफसमोर तुले म्हणले, "कमाल केली."

त्या दिवशी बस स्टँडवर मी तुले गाठलं. "चोरी केली तू."

"चोरी नाई माय. एका जागी ठेवलं फक्त."

"मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं तर हो म्हणली असती?"

नसती म्हणली. पण ते तुले काऊन माहीत असावं, याचाच मले जास्त राग आला.

"तुझं नाव टाकलं ना वं त्याच्या डोक्यावर, क्षेत्र रत्नानं लिहिलं म्हणून," तू म्हणली.

"ते उघडून कोण पाहते?"

खरंच कोणी पाहत नव्हतं. मॉड्यूल चालून राह्यलं तोवर त्याले कोण उघडते? सारे त्याले 'शालूची फाईल' म्हणत. नवीन आलेली वैशाली तर मले एकदा सांगत होती, "ताई, शालूताईच्या फाईलमध्ये डिसमिलचं किती भारी केलं आहे, तुम्ही पाह्यलं का?" मी म्हणली, "पाह्यलं." माझ्या बापाची अक्कल, आणि मलेच दाखवून राह्यलती ती.

आपलं भांडण मात्र रोज रंगे. मी म्हणे, "सारं एका जागी ठेवलं आणि ती जागाच बिघडली तर? चौदाही एकदम बसतील." तू म्हणे, "आणि चौदा जागी ठेवलं, एक बदल करायची पाळी आली, तर चौदा घरी फिरशीन?" "फिरीन," मी म्हणे. "तुले फिरायचीच हौस आहे," असं म्हणून तू खाऱ्या शेंगदाण्याचा पुडा पुढं करे. मी हात लावत नव्हती. वाटेतलं सालोड मागं पडल्यावर अर्धा पुडा मीच संपवलेला राहे.

एक गोष्ट तुले सांगायची राह्यली. तो दिवस आठवते, सकाळी कोणाचीच स्क्रिप्ट चालेना, सगळ्यांच्या पडद्यावर 'मॉड्यूल सापडत नाही' येऊन राह्यलं? ती फाईल मी हलवलती. लवकर येऊन दुसऱ्या फोल्डरात नेऊन ठेवली. सारा स्टाफ हात बांधून बसला आणि मी सगळ्यांसाठी चहा सांगितला, एवढी खूश होती. तू दहा मिनिटांत शोधली. जागेवर ठेवली, आणि माझ्याकडं न पाहता वैशालीले म्हणली, "आपल्या हापिसात उंदीर झाला वाटते." म्हणजे तुले समजलं होतं. सरांले तू सांगितलं नाई. मी कितीतरी दिवस वाट पाह्यली, आता सांगते, मग सांगते. तू नाईच सांगितलं, आणि मले ते उपकारासारखं टोचत राह्यलं.

त्याच्यानंतर मी माझ्या शिबिराच्या स्क्रिप्टातून तुझी ओळ काढून टाकली आणि माझं जुनं क्षेत्र परत त्यात उतरवलं. तेरा स्क्रिप्टा तुझ्या सामाईकवर, एक माझी माझ्यावर. कोणाचं काय जाते? चालून राह्यलती की चांगली.

मग कारंज्याचं माती तपासणीचं शिबिर लागलं. अर्जात नवा रकाना आला, क्षेत्र सातबारावरून लिहायचं. सातबारावर तर हेक्टर राहते. तिथं २.२० म्हणजे दोन हेक्टर वीस आर, साडेपाच एकराले थोडं कमी. तू सामाईकमध्ये चार ओळी वाढवल्या, एकदाच, आणि तेराही स्क्रिप्टा सरळ झाल्या. मले तू सांगितलंही, "रत्ने, तुझ्या शिबिराच्यात सातबारा टाकजो, बरं. नाईतर माझ्यातून घे." मी म्हणली, "माझं मी पाहीन." आणि पाह्यलंच नाई. तू सांगितलं म्हणूनच नाई पाह्यलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तेव्हाच्या तेव्हा केलं असतं.

माझ्या स्क्रिप्टानं साऱ्या कारंज्याचे हेक्टर एकर समजून वाचले. पहिला आला तो एक म्हातारा काका, एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात सातबारा. "माय, एवढं खत तर माझ्या परसातल्या वांग्याईले लागते. वावर पाच एकराच्या वर आहे माह्यं!" तू कार्ड पाह्यलं. एका नजरेत समजलं तुले, मी तुझं तोंड पाहून राह्यलती ना. मग तू माझ्याकडं पाह्यलं. तेवढ्यात सर बाहेर आले, काय झालं म्हणून, आणि मी तोंड उघडायच्या आत तू बोलून मोकळी. "सर, माझ्या हातून झालं. सामाईकमध्ये चूक राह्यलती. सारी कार्डं आज दुरुस्त करून देते."

खरं लिहायचं ठरवलं आहे, तर हेही लिहिते. तू बोलायच्या आधी मी तोंड उघडणारच होती, असं मी सोताले लय दिवस सांगितलं. मी उघडणार नव्हती.

तू दिवसभर बसून सारी कार्डं नव्यानं काढली, एकेकाले फोन लावला, "काका, जुनं कार्ड फाडून टाकजा, माफी असावी." खत टाकायचं बाकी होतं म्हणून निभावलं. आणि मी? मी तुले जिन्यात अडवलं.

"काऊन केलं तू असं?"

"सरांनी तुझ्याकडचं शिबिर काढून घेतलं असतं. आणि तुले कोणी बोललं की तू आठ दिवस धड जेवत नाई. माहीत आहे मले."

"मोठेपणाची हौस आहे तुले! देवीच समजते सोताले!"

तुझं तोंड लाल झालं. "जाऊ दे, रत्ने," एवढंच म्हणली तू, आणि खाली उतरून गेली.

तेच आपलं शेवटचं बोलणं. पुढं तीन आठवडे एकाच बसमध्ये, तू समोर, मी मागं. तुझी वेणी दिसे मले. मनात म्हणे, आज उतरताना बोलते. देवळी येई आणि मी आधी उतरून सरळ चालू पडे. मग तू दिसली नाई. मी म्हणली, घेतली असंन रजा, बरं झालं, बस मोकळी. पाचव्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन आला. मी तिले तीनदा इचारलं, कोणती शालू?

थँक्यू म्हणायचं राह्यलं वं. एक शब्द होता. एवढ्या साऱ्या भांडणात तेवढाच बसला नाई. माझ्यासाठी कोणी कधी खोटं बोललं नव्हतं शालू, माझ्या मायनंही नाई. आणि त्याच्यासाठी मी तुले देवी म्हणून टोमणा मारला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. "रत्नाताई, शालूताईंचं सामाईक आता तुम्ही सांभाळा. आणि ती कारंज्याची चूक पुन्हा होऊ नये, एकदा नीट तपासून घ्या." जे पायजे होतं ते मिळालं बघ. मी फाईल उघडली, पहिल्यांदाच पूर्ण वाचली. आणि चूक शोधू लागली. आठ दिवस शोधली. एक तरी सापडावी, बारीकशी का असेना, म्हणजे सर मांडवात बोलले ते अगदीच खोटं नाई ठरणार आणि मले गप बसता येईल. एक नाई सापडली. कुठं कंस वाकडा नाई, कुठं आकडा हुकलेला नाई. मेल्यावरही माणसानं एवढं नीट असावं का?

आज सकाळी शेवटी माझ्या स्क्रिप्टातलं माझं क्षेत्र पुसलं. वर तुझी ती एक ओळ लिहिली आणि कारंज्याचे जुने अर्ज पुन्हा चालवले. काकाचं वावर बरोबर आलं, सगळ्यांचंच बरोबर आलं. रडू यायले पायजे होतं. राग आला मले. एवढं सोपं होतं हे, आणि तू मले किती वेळा सांगितलं होतं.

त्याच तिरीमिरीत उठली आणि सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राह्यली. सारा स्टाफ बसलेला. "सर, कारंज्याची चूक शालूची नव्हती. माझी होती. मी तिचं मॉड्यूल वापरत नव्हती, माझ्या जुन्या कॉपीत सातबारा नव्हता. तिनं आपल्या अंगावर घेतली. मी गप राह्यली." मनात म्हणली, आता सर बोलतील, आता शिबिर काढून घेतील, घेऊ दे.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे शालूताईंनी तुमच्यासाठी..." एवढंच म्हणले आणि खिडकीकडं पाहू लागले. वैशाली रडायले लागली. दुपारच्या डब्यापर्यंत साऱ्या हापिसात एकच, काय बाई होती, एवढ्या मनाची बाई पुन्हा होणे नाई. मले कोणी एक शब्द वाकडा बोललं नाई. कोणी इचारलंही नाई. अवं, जन्मात एकदा हिंमत केली मी, अन् त्याचंही कौतुक तुलेच! डबा उघडून बसली आणि मले हसू फुटलं. लोकांले वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिथून सरळ तुझ्या घरी गेली. तन्वी ओट्यावर तांदूळ निवडत बसलती. तिले सारं सांगितलं, हेक्टर-एकरापासून जिन्यातल्या बोलण्यापर्यंत. देवीचा टोमणाही लपवला नाई. तिनं ताट बाजूले ठेवलं.

"म्हणजे मम्मी चुकली नव्हती?"

"नाई बेटा. कधीच नाई."

"मग तुमची चूक तिनं काऊन घेतली?"

उत्तर पोरीनंच दिलं. "मम्मी म्हणे, रत्नामावशी भांडकुदळ आहे, पण माझी आहे. तुम्ही तिची एकुलती एक मैत्रीण होत्या ना, म्हणून घेतली असंन."

शंभरावर चपला होत्या तुझ्या दारात, आणि मैत्रीण म्हणून तू घरी नाव घेतलं ते माझं. मी तिच्यासमोर हो म्हणली शालू. नाई म्हणायची हिंमत झाली नाई. पण तुले सांगते. मैत्रीण तू होती, मी जळत होती. आणि आजही जळूनच राह्यली, कारण कोणाले असं 'माझी आहे' म्हणणं मले एकदाही जमलं नाई.